घाट, डांबर आणि पाणंद: साताऱ्यात चालवण्यासाठी माउंटन बाइक कशी निवडावी

साताऱ्यात सायकल निवडणे हे सपाट मुलखात सायकल निवडण्यासारखे नाही. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंचीवर वसले आहे आणि पंचवीसेक किलोमीटरवरचे कासचे पठार १२०० मीटरच्या घरात आहे. या चढाचा मोठा वाटा सुरुवातीच्या यवतेश्वर घाटातच येतो. बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाकडे किंवा ठोसेघरकडे जावे, तरी चढ चुकत नाही. पूर्वेला संगम माहुलीकडे आणि पुढे कोरेगावकडे वळावे, तर मुलूख त्यामानाने सपाट आहे. पण तिथे डांबर सोडले की कालव्याकडेचे मुरमाचे रस्ते लागतात, पाणंदी लागतात, बाभळीचे काटे लागतात आणि पावसाळ्यात चाकाला लपेटून बसणारी काळी माती लागते. आठवडाभर कामावर जायला आणि रविवारी घाट किंवा पाणंद गाठायला एकच सायकल ज्याला हवी आहे, त्याच्यासाठी हे लिहीत आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे सायकल आधी अंगाच्या मापाला बसली पाहिजे, मग तिच्यात चढाचा गिअर असला पाहिजे, मग ब्रेक, मग टायर. पुढच्या शॉकअपचा क्रमांक त्यानंतर लागतो. दुकानात मात्र हाच क्रम उलटा होतो. जाड शॉकअप, रुंद टायर आणि भडक रंग लांबून दिसतात, म्हणून ते आधी दाखवले जातात. मागच्या चाकाच्या सर्वांत मोठ्या चक्राला किती दात आहेत, हे कोणी सांगत नाही आणि बहुतेक जण विचारतही नाहीत. मीही विचारले नव्हते. पहिली सायकल घेतली तेव्हा यवतेश्वराचा निम्मा घाट ती हातात धरून चालत चढावा लागला आणि दोष आपल्या पायांचा आहे असे मी कित्येक महिने समजत राहिलो. दोष पायांचा नव्हता. तो दातांच्या आकड्यांत होता, आणि त्याचा हिशेब पुढे मांडला आहे.

पहिली पायरी: आपले रस्ते वहीत उतरवा

दुकानात जाण्यापूर्वी दोन आठवडे एक वही ठेवा. आत्ता जुनी सायकल असेल तर तिच्यावरून आणि नसेल तर दुचाकीवरून आपण रोज कुठे जातो, त्यातले किती किलोमीटर डांबर, किती काँक्रीट, किती मुरूम, वाटेत चढ कुठे लागतो, सोबत किती ओझे असते आणि परतताना अंधार होतो का, एवढे लिहा. रविवारच्या फेऱ्या प्रामाणिकपणे लिहा: मनात असलेल्या नव्हे, गेल्या वर्षभरात खरोखर केलेल्या किंवा नक्की करणार असलेल्या.

शाहूपुरीत राहणारा आणि औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा माणूस आठवड्यात साठ-सत्तर किलोमीटर केवळ डांबरावर चालवतो, हे वही लिहिल्यावर त्याच्या लक्षात येते. त्याची रविवारची फेरी कासकडची असेल तर तीही डांबरावरचीच आहे. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथल्या जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका चाकाची चाकोरीही फुलांच्या झाडोऱ्याचे नुकसान करायला पुरते. त्यामुळे सायकल कोणतीही असो, ती रस्त्यावरच ठेवावी. मुरूम आणि माती चालवायची असेल तर गावोगावच्या पाणंदी आणि शिवरस्ते मुबलक आहेत. लिंबची बारामोटेची विहीर पाहायला आडवाटेने जाणे हा त्यातलाच एक आनंद आहे.

वहीवरून प्रकार ठरतो. दहांपैकी नऊ किलोमीटर डांबर असेल तर हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची आणि ३५ ते ४५ मि.मी. रुंद टायरची सायकल अधिक योग्य ठरेल आणि माउंटन बाइकचा हट्ट सोडावा. वाकड्या हँडलची ग्रॅव्हल बाइकही याच कामाची आहे, पण ती महाग पडते आणि दगडगोट्यांच्या उतारावर नवख्याला अवघड जाते. कच्चा रस्ता चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक असेल, तर फक्त पुढे शॉकअप असलेली माउंटन बाइक, जिला हार्डटेल म्हणतात, ती घ्यावी. मागेपुढे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल वीस-तीस हजारांत मिळत असेल तर तिच्याकडे वळूनही पाहू नये: त्या किमतीतला मागचा शॉकअप म्हणजे एक जड स्प्रिंग असते, घाटात प्रत्येक पायडलाबरोबर ती खालीवर होते आणि चढण्यासाठी लावलेली ताकद तिच्यातच मुरते.

दुसरी पायरी: माप

चुकीच्या मापाची सायकल कितीही भारी असली तरी वर्षभरात भिंतीला टेकलेली दिसते. माप घरीच घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांमध्ये सुमारे वीतभर अंतर ठेवा, एक जाड पुस्तक सीटवर बसल्यावर जेवढा दाब जाणवतो तेवढ्या दाबाने जांघेत वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून सेंटिमीटरमध्ये मोजून घ्या. या आकड्याला ०.२२६ ने गुणले की माउंटन बाइकच्या फ्रेमचे माप इंचांत साधारण कळते. ८० सेंटिमीटर आले तर १८ इंच. हाच आकडा ०.८८३ ने गुणला की सीटची उंची कळते, म्हणजे पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. ८० सेंटिमीटरला ते साडेसत्तर सेंटिमीटरच्या आसपास येते. गणित नको असेल तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ झाला की उंची बरोबर आहे. दुकानात बहुतेकांना सीट फार खाली ठेवून बसवतात, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले की ग्राहकाला धीर वाटतो. पण त्या उंचीवर घाट चढला तर संध्याकाळपर्यंत गुडघे बोलू लागतात.

आकडा ही सुरुवात आहे, निकाल नाही, कारण एका कंपनीचे मध्यम माप दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या मापाएवढे असू शकते. प्रत्यक्ष सायकलवर दोन गोष्टी पाहाव्यात. सीटच्या पुढे, आडव्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभे राहिल्यावर जांघ आणि दांडी यांत निदान चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, कारण कच्च्या वाटेवर अचानक उतरावे लागते. आणि सीटवर बसून हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. हात ताठ होत असतील तर फ्रेम लांब आहे. दोन मापांच्या मधे अडकलात आणि कच्चा रस्ता अधिक असेल तर लहान माप घ्यावे, लांब फेऱ्या अधिक असतील तर मोठे. ज्यांची उंची पाच फुटांच्या आसपास आहे त्यांनी २९ इंची चाकाचा आग्रह धरू नये, २७.५ इंची चाकाची लहान फ्रेम पाहावी.

हँडलचा मुद्दा थोडक्यात. माउंटन बाइकचे हँडल हल्ली ७२० ते ७६० मि.मी. रुंद येते; डांबरावर, विशेषतः पठारावरच्या समोरच्या वाऱ्यात, ते छाती उघडी ठेवते. महिना-दोन महिने चालवून दोन्ही बाजूंनी एक-दोन सेंटिमीटर कापून घेता येते, म्हणून त्यासाठी सायकल नाकारू नये.

तिसरी पायरी: चढाचा गिअर

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिथे सावकाश थांबू. गिअरची संख्या म्हणजे चढण्याची क्षमता नव्हे. २१ गिअर म्हणजे पुढे तीन चेनव्हील आणि मागे सात चक्रे, एवढाच त्याचा अर्थ. चढ चढवतो तो एकच गिअर: पुढचे सर्वांत लहान आणि मागचे सर्वांत मोठे चक्र. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागले की पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती फिरते ते कळते.

स्वस्त २१ गिअरच्या सायकलीत पुढे २४ आणि मागे २८ दात असतात, भागाकार ०.८६. दुसऱ्या एखाद्या सायकलीत पुढे २२ आणि मागे ३४ असतील तर तो ०.६५ येतो. २९ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२८ मीटर धरला आणि मिनिटाला ६० फेरे मारले, तर पहिल्या सायकलीचा वेग ताशी ७ किलोमीटर आणि दुसरीचा ५.३ किलोमीटर पडतो. आता स्वार, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो वजन आहे आणि चढ शंभर मीटरला आठ मीटर आहे असे समजा. केवळ वजन वर नेण्यासाठी पहिल्या सायकलीवर सुमारे १३० वॉट सतत लावावे लागतात, दुसरीवर १०० वॉटही पुरतात. पहिल्या सायकलीवर एवढी ताकद नसेल तर स्वाराला पायडलचे फेरे कमी करावे लागतात, ते ४५ पर्यंत उतरले की प्रत्येक फेरा गुडघ्यावर येतो आणि शेवटी पाय खाली टेकतो. दुसऱ्या सायकलीवरचा तोच माणूस हळू, पण बसल्या जागी, श्वास सांभाळत चढत राहतो. हा फरक किमतीच्या चिठ्ठीवर कुठेच छापलेला नसतो.

म्हणून दुकानात दात मोजा. आकडा बहुधा चक्रावर कोरलेला असतो. नसेल तर खडूने एका दातावर खूण करून मोजा. साताऱ्यासाठी माझी मर्यादा अशी आहे: भागाकार ०.७० पेक्षा जास्त असलेली सायकल नवख्याने घेऊ नये आणि पाठीवर किंवा कॅरिअरवर ओझे नेणाऱ्याने ०.६५ च्या खालीच राहावे.

हे तीन मांडण्यांतून साधते. पुढे तीन चेनव्हीलची जुनी मांडणी स्वस्त आहे, पण पुढचा गिअर ओझ्याखाली बदलताना अडखळतो आणि चिखलात चेन उतरते. पुढे दोन, म्हणजे ३६ आणि २२ दात, आणि मागे ११ ते ३६ ही मांडणी डांबर आणि घाट दोन्हींना उत्तम जुळते: खाली ०.६१ मिळतो आणि वरच्या टोकाला, मिनिटाला ९० फेरे मारले, तर ताशी ४० किलोमीटर निघतात. पुढे एकच ३२ दाती चेनव्हील आणि मागे ११ ते ४६ ही मांडणी सर्वांत सुटसुटीत. तिचा खालचा भागाकार ०.७०, वरचा वेग ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास. महामार्गाच्या कडेने वेगात जाणाऱ्यांना तो कमी वाटेल, एरवी नाही. एकाच चेनव्हीलची सायकल आवडली आणि चढ जड वाटला, तर ३२ ऐवजी ३० दाती चेनव्हील बसवून घ्यावे, भागाकार ०.६५ वर येतो.

ज्यांच्याकडे २४-२८ ची सायकल आधीच आहे त्यांनी ती विकण्यापूर्वी एक उपाय करून पाहावा. सात गिअरचे १४ ते ३४ दाती फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, वेगळे मिळते. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ३४ दात पेलणारा आहे ना, हे आधी तपासून ते नव्या चेनसह बसवले की भागाकार ०.७१ वर येतो. माझी पहिली सायकल याच एका बदलाने घाट चढू लागली.

दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा: मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट? फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यभागावर, आट्यांनी चढवलेले असते, त्यामुळे उजवीकडचे बेअरिंग आत सरकलेले राहते आणि आसाचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो. वजनदार स्वार, खड्डे आणि ओझे एकत्र आले की आस वाकतो किंवा मोडतो. कॅसेट, म्हणजे हबवर सरकवून बसवलेला चक्रांचा संच, असेल तर बेअरिंग आसाच्या टोकाजवळ असते, म्हणून तो टिकतो. ऐंशी किलोंच्या वरच्या स्वाराने कॅसेटसाठी दोन-तीन हजार अधिक मोजावेत. शिमानोच्या श्रेणी चढत्या क्रमाने टर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हियो, डिओरी अशा होत्या. २०२३ पासून आलेल्या क्यूज या मालिकेने त्यांतल्या काही श्रेणींची जागा घेतली आहे. केवळ मागच्या डिरेलरवरचे नाव वाचून श्रेणी ठरवू नये, कारण तो एकच भाग वरच्या श्रेणीचा लावून बाकीचे साधे ठेवण्याची पद्धत सर्रास आहे.

चौथी पायरी: ब्रेक

चढलेला घाट उतरावाही लागतो. यवतेश्वरावरून खाली येताना वळणांमागून वळणे येतात, शनिवार-रविवारी समोरून मोटारींची रांग असते आणि पावसाळ्यात धुक्यामुळे दहा-पंधरा मीटरपलीकडचे दिसेनासे होते. अशा वेळी रिमवर दाबणारे व्ही ब्रेक ओल्या रिमवर पहिले काही फेरे जवळजवळ पकडतच नाहीत, म्हणून आपल्याकडे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती (रोटर) दोन पॅडमध्ये दाबणारा ब्रेक, ही चैन नव्हे.

केबलने ओढला जाणारा यांत्रिक डिस्क ब्रेक स्वस्त आहे आणि गावातला कोणताही कारागीर तो नीट करू शकतो; पण बहुतेक साध्या यांत्रिक ब्रेकमध्ये एकच पॅड सरकतो, तो झिजेल तसा आवळत राहावे लागते आणि लांब उतारावर बोटे भरून येतात. तेलाने चालणारा हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने दाबला जातो, दोन्ही पॅड सारखे सरकतात आणि झीज आपोआप भरून निघते. बजेट बसत असेल तर हायड्रॉलिकच घ्यावा; शॉकअप साधा ठेवून हायड्रॉलिक ब्रेक मिळत असेल तर तो सौदा साताऱ्यात नेहमी फायद्याचा आहे.

याबाबत दोन बारकावे लक्षात ठेवावेत. शिमानो आणि टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते. मोटारसायकलचे डॉट वर्गातले ब्रेक ऑइल त्यात चुकून घातले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो, त्यामुळे सायकल दुसऱ्याच्या हाती देताना हे तोंडी सांगावे. दुसरा बारकावा रोटरचा. स्वस्त रोटरवर केवळ रेझिन पॅड वापरा अशी बारीक अक्षरांतली सूचना कोरलेली असते. अशा मऊ रोटरवर धातूमिश्रित पॅड चालत नाहीत आणि पावसाळ्यातल्या चिखलात रेझिन पॅड भराभर झिजतात, म्हणून जूनमध्ये एक जोड घरात आणून ठेवावी. ७५ किलोंच्या वरच्या स्वाराने पुढे १६० ऐवजी १८० मि.मी.चा रोटर मिळतो का ते पाहावे.

पाचवी पायरी: चाक आणि टायर

चाकाच्या तीन मापांपैकी २६ इंची आता नव्या सायकलींतून मागे पडत आहे, तरी तिची ट्यूब खेड्यातल्या दुकानातही मिळते. २९ इंची चाक खड्ड्यात कमी अडकते आणि डांबरावर वेग टिकवून ठेवते. आपल्या मिश्र वापराला ते योग्य. २७.५ इंची चाक मध्यम आहे. २९ किंवा २७.५ घेतले तर दोन ट्यूब कायम सोबत असाव्यात, कारण ठोसेघरच्या रस्त्यावर त्या विकत मिळणार नाहीत. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक फ्रेंच वॉल्व्ह असेल तर छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवावा.

टायरबाबत माझा आग्रह असा की मधोमध सलग किंवा दाट बसकी नक्षी आणि कडेला रबराच्या उंच गाठी असलेला, २ ते २.२५ इंच रुंदीचा टायर घ्यावा. डांबरावर मधली नक्षी गुणगुणत नाही आणि मुरमाच्या वळणावर कडेच्या गाठी धरून ठेवतात. उंच, विरळ गाठींचा टायर दुकानात रांगडा दिसतो, पण डांबरावर तो प्रत्येक किलोमीटरची किंमत वसूल करतो. टायरवर छापलेला कमाल दाब म्हणजे भरायचा दाब नव्हे: ७० किलोंच्या स्वाराने डांबरासाठी ३५ ते ४० पीएसआय आणि पाणंदीसाठी २८ ते ३० पीएसआय ठेवावा, ट्यूब असताना त्याहून खाली गेल्यास दगडावर चाक आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात.

बाभळीचा काटा ही पूर्वेकडची कायमची अडचण आहे. ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव घालणे हा स्वस्त उपाय आणि तो बऱ्यापैकी चालतो. ट्यूबलेस अधिक चांगले, पण त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसला योग्य असावे लागतात. काळ्या मातीच्या पाणंदीत पाऊस पडल्यावर मात्र कोणताही टायर चालत नाही. माती फ्रेम आणि टायर यांच्या मधे भरते आणि चाक जागीच अडते. म्हणून सायकल घेताना मागचा टायर आणि फ्रेमच्या नळ्या यांत दोन्हीकडे निदान करंगळीच्या निम्म्या जाडीएवढी जागा आहे ना, ते पाहावे.

सहावी पायरी: शॉकअप आणि फ्रेम

पुढच्या शॉकअपला ८० ते १०० मि.मी.ची हालचाल पाणंदीसाठी पुरेशी आहे. स्प्रिंगचा शॉकअप एकटाच अडीच किलोंच्या आसपास भरतो आणि त्याची स्प्रिंग एका ठरावीक वजनासाठी असते: ५० किलोंच्या स्वाराला तो दगडासारखा आणि ९० किलोंच्या स्वाराला गाळात रुतल्यासारखा वाटतो. हवेचा शॉकअप हलका असतो आणि आपल्या वजनाप्रमाणे त्यातला दाब ठरवता येतो, पण तो महाग सायकलींतच भेटतो. स्प्रिंगचा घेतलात तरी त्याला लॉकआउट, म्हणजे हालचाल बंद करण्याची कळ, असलीच पाहिजे. घाट चढताना ती बंद करावी आणि खराब उतार सुरू होण्यापूर्वी आठवणीने उघडावी. शॉकअप नसलेली, कडक फोर्कची सायकल त्याच किमतीत चांगल्या गिअरसह मिळाली तर तिचा गंभीरपणे विचार करावा. हलक्या कच्च्या वाटेवर रुंद टायर बरेचसे धक्के स्वतःच पचवतो.

फ्रेमसाठी अ‍ॅल्युमिनिअम मिश्रधातू पुरेसा आहे. साधे पोलाद जड पडते, क्रोमोली पोलाद उत्तम पण कमी मिळते, कार्बनचा या वापराशी संबंध नाही. फ्रेमवर कॅरिअर आणि मडगार्ड बसवण्यासाठी आट्यांची भोके आहेत का, हे मात्र नक्की तपासा. चार महिने पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात मडगार्डशिवाय कामावर जाणे शक्य नाही.

किमतीचा ढोबळ अंदाज असा. पंधरा ते वीस हजारांत तीन चेनव्हील, फ्रीव्हील, यांत्रिक डिस्क आणि स्प्रिंगचा शॉकअप मिळतो. पंचवीस ते चाळीस हजारांत कॅसेट, आठ-नऊ मागचे गिअर आणि हायड्रॉलिक ब्रेक येऊ लागतात. माझ्या मते मिश्र वापरासाठी पैसा सर्वांत सार्थकी लागतो तो इथे. हवेचा शॉकअप बहुधा त्याच्यापुढे. यातून चार-पाच हजार हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, ट्यूब आणि कुलूप यांसाठी आधीच बाजूला काढून ठेवावेत.

सातवी पायरी: चालवून पाहणे

चौकातल्या चौकात फेरी मारून सायकल कळत नाही. ओळखपत्र ठेवून अर्धा तास मागावा आणि चार भिंती हुतात्मा स्मारकाकडे किंवा अजिंक्यताऱ्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर न्यावी. साताऱ्यात चढ गावातच आहे, ही आपली मोठी सोय आहे. सर्वांत हलक्या गिअरवर सीटवरून न उठता चढता येते का, चढावरच गिअर बदलला तर चेन अडखळते का, उतरताना एकेक ब्रेक स्वतंत्रपणे थांबवतो का, हे पाहावे. मग उभे राहून पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवावी. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर तिथले बेअरिंग सैल आहे. चाके उचलून फिरवावीत. रिम डावीउजवीकडे डुलत असेल तर आउट काढून, म्हणजे ती सरळ करून, मगच ताब्यात घ्यावी.

खोक्यातून घरपोच मागवलेल्या सायकलीत जोडणीची एक चूक वारंवार दिसते: शॉकअप उलटा बसवलेला असतो. पुढच्या डिस्कचा रोटर स्वाराच्या डाव्या हाताला आला पाहिजे. तो उजवीकडे दिसला तर चालवूच नये. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, तेही ध्यानात ठेवावे, कारण जोराने चुकीचे पिळले तर क्रँकच्या, म्हणजे पायडल बसवलेल्या दांडीच्या, आट्या जातात.

जुनी सायकल घेत असाल तर हँडलच्या मुळाखालचे आणि पायडलच्या आसाजवळचे वेल्डिंग उजेडात धरून पाहा, केसाएवढी भेग असली तरी सोडून द्या. चेन मोजपट्टीने ०.७५ टक्के ताणलेली निघाली तर चेन बदलावी लागणार आणि बहुधा मागची चक्रेही, ती रक्कम किमतीतून वजा करा. पायडलच्या आसाखाली कोरलेला फ्रेमचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. बिलच नसेल तर व्यवहार करू नये.

घरी आणल्यावर

हायड्रॉलिक किंवा यांत्रिक, नव्या डिस्क ब्रेकला पहिल्याच दिवशी घाटात नेऊ नये. सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या वेगावरून जवळजवळ थांबेपर्यंत, चाक लॉक न करता, वीस-तीस वेळा दाबावा. पॅडचा थर रोटरवर बसतो आणि त्यानंतरच ब्रेकची खरी पकड येते. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत गिअरच्या केबल बसतात, आरे सैल होतात आणि क्रँकचा बोल्ट ढिला पडू शकतो. तेव्हा त्या टप्प्यावर दुकानात परत नेऊन केबल ताणून, आरे आवळून आणि क्रँकचा बोल्ट घट्ट करून घ्यावा. ही पहिली दुरुस्ती मोफत असल्याचे बिलावर लिहून घेतलेले असावे. पावसाळ्यात प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर साध्या पाण्याने, दाबाचा फवारा हबवर न मारता, सायकल धुवावी, चेन फडक्याने कोरडी करावी आणि प्रत्येक कडीवर एक थेंब याप्रमाणे तेल सोडून दहा मिनिटांनी वरचे तेल पुसून टाकावे. ते करताना बाटलीचा एकही थेंब रोटरवर पडू देऊ नये.